बिनसाखरेचा चहा

चातुर्मासांत एखादा आवडीचा पदार्थ वर्ज्य करण्याची चाल महाराष्ट्रांतील घरांना अपरिचित नाहीं. असा नेम ज्याचा त्याचा असतो. त्यापासून जें पुण्य किंवा जें पथ्य घडेल, तें नेम करणाराच्याच पदरीं पडतें. साखर कमी करण्याचा जो उपदेश हल्लीं डॉक्टरमंडळी घरोघरीं करितात, तोही याच जातीचा होय. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं असें सुचविलें कीं, पदार्थांत वरून घातलेली साखर आणि मध, पाक व फळांचे रस यांतील साखर मिळून जी शक्ति शरीरास मिळते, ती दिवसाच्या एकंदर शक्तीच्या शेंकडा दहांहून कमी असावी. पांचांच्या आंत आणतां आल्यास अधिक चांगलें. या उपदेशाचा हेतु खाणाराच्या शरीराचें रक्षण करणें हा आहे. परंतु अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांतील हजारों कुटुंबांनीं चहांतील साखर सोडली, ती स्वतःच्या प्रकृतीकरितां नव्हे. ज्यांचें तोंड त्यांनीं कधीं पाहिलें नव्हतें व पुढेंही पाहण्याचा संभव नव्हता, अशा समुद्रापलीकडील माणसांकरितां ती सोडली. तो नेम कोठें फळला, कोठें फसला, आणि त्याचा एक धागा महाराष्ट्रांतील माणसांपर्यंत कसा येऊन पोहोंचला, हें पाहण्यासारखें आहे.

साखर करण्याची विद्या मूळची हिंदुस्थानची. उंसाची लागवड प्रथम न्यूगिनी बेटांत झाली असें मानतात. पण रस आटवून त्याचे कोरडे कण करण्याची युक्ति येथें साधली, आणि शर्करा हा संस्कृत शब्द फारसी व अरबी भाषांच्या मार्गानें युरोपांतील बहुतेक भाषांत जाऊन बसला. अरबांनीं ऊस भूमध्य समुद्राच्या कांठीं नेला. १४९३ सालीं कोलंबसानें आपल्या दुसऱ्या सफरींत तो अटलांटिक महासागरापलीकडे नेला, व वेस्ट इंडीजच्या बेटांतील हवापाणी त्यास मानवलें. १६४० नंतर इंग्रजांनीं बार्बाडोस बेटांत उंसाचे मळे वाढविले. १६५५ सालीं जमैका त्यांच्या हातीं आलें. पूर्वीं जी साखर श्रीमंतांच्या मेजवानींत किंवा औषधी विकणाराच्या दुकानांत दिसे, ती मग साध्या घरांतून शिरली. इंग्लंडांत १७०० सालीं दरमाणशीं दरवर्षीं सुमारें ४ पौंड साखर खपे. १८०० सालीं हें प्रमाण १८ पौंडांवर गेलें. या वाढीचें एक मोठें कारण चहा हें होय. चीनमधून येणारा तो पाला मूळचा कडवट. साखर घातल्यावर तो इंग्रजांच्या जिभेस रुचला, आणि अमीरउमरावांपासून मोलमजुरी करणाऱ्या बाईपर्यंत सर्वांच्या दिनक्रमांत साखरेचें भांडें येऊन बसलें.

या भांड्यांतील साखर कशी तयार होत असे? ज्यांनीं गुऱ्हाळ पाहिलें आहे, त्यांना हें ठाऊक असतें कीं, तोडलेला ऊस फार काळ ठेवतां येत नाहीं. तो लवकर चरकांतून काढावा लागतो, आणि निघालेला रस लगेच काहिलींत चढवावा लागतो; नाहींपेक्षां तो आंबून जातो. म्हणून हंगामांत गुऱ्हाळाला घाई असते. वेस्ट इंडीजमध्यें ही सारी घाई आफ्रिकेंतून पकडून आणलेल्या गुलामांच्या पाठीवर लादलेली होती. हंगामाच्या महिन्यांत दिवसभर मळ्यांत राबलेल्या माणसांनाच पाळीपाळीनें रात्रीं चरकावर व चुलाणावर उभें करीत. झोपेनें डोळा लागून चरकांत हात सांपडला, तर तो तोडून माणूस सोडवितां यावा, म्हणून जवळ कुऱ्हाड ठेवीत असत. या मळ्यांवर जन्मांपेक्षां मृत्यूंचें प्रमाण अधिक होतें. तेव्हां मजुरांची संख्या कायम राखण्यासाठीं मळेवाल्यांना दरवर्षीं नवे गुलाम विकत घ्यावे लागत, आणि ते पुरविण्यासाठीं लिव्हरपूल, ब्रिस्टल व लंडन येथील जहाजें आफ्रिकेच्या किनाऱ्यास जात. साखरेचा खप आणि माणसांचा व्यापार हीं अशा रीतीनें एकमेकांस जखडलेलीं होतीं.

हा व्यापार बंद करविण्याकरितां २२ मे १७८७ रोजीं लंडनमध्यें बारा माणसांची एक समिति स्थापन झाली. त्यांपैकीं नऊ जण क्वेकर पंथाचे होते. टॉमस क्लार्कसन हा तरुण गृहस्थ बंदरोबंदरीं घोड्यावरून हिंडून खलाशांच्या जबान्या आणि गुलामांच्या बेड्या गोळा करूं लागला, व विल्यम विल्बरफोर्स यानें पार्लमेंटांत बाजू मांडली. पुरावा पुष्कळ जमला. तरीही एप्रिल १७९१ मध्यें कॉमन्स सभेंत मतें घेतलीं गेलीं, तेव्हां व्यापार बंद करण्याच्या बाजूनें ८८ व विरुद्ध १६३ मतें पडलीं. सभासदांतील कित्येकांचे मळे वेस्ट इंडीजमध्यें होते, आणि ज्यांना या गोष्टीची चाड होती, त्या सामान्य लोकांपैकीं बहुतेकांना मताचा अधिकारच नव्हता. स्त्रियांना तर तो मुळींच नव्हता.

या पराभवानंतर कांहीं महिन्यांतच विल्यम फॉक्स नांवाच्या लेखकाची एक लहानशी पुस्तिका बाहेर पडली. लंडनमधील मार्था गर्नी या पुस्तकविक्रेत्या बाईनें ती छापविण्यांत व विकण्यांत पुढाकार घेतला होता. फॉक्सचें म्हणणें थोडक्यांत असें होतें : पार्लमेंटानें नाकारलें तरी प्रश्न संपत नाहीं. गुलाम पकडणारा, वाहून नेणारा व राबविणारा हे सर्व ज्याच्यासाठीं काम करितात, तो साखर विकत घेणारा गृहस्थच होय. आणि त्याला कोणत्याही कायद्यानें साखर घेण्यास भाग पाडलेलें नाहीं. पुढें त्यानें एक हिशेब मांडला. ज्या कुटुंबांत आठवड्यास पांच पौंड साखर व त्या मानानें रम दारू लागते, त्या कुटुंबानें एकवीस महिने हे पदार्थ सोडले, तर एक माणूस गुलामगिरींतून किंवा मृत्यूंतून वांचेल. या गणिताची बारीक तपासणी केली, तर त्यांत दोष दाखवितां येतील. पण त्याचें बळ आंकड्यांच्या अचूकपणांत नव्हतें. आजवर जो प्रश्न राज्यकारभाराचा व दर्यापारच्या व्यापाराचा म्हणून दूर उभा होता, तो या हिशेबानें स्वयंपाकघराच्या जमाखर्चांत आणून बसविला. पुस्तिकेच्या अल्पावधींत पंचवीसच्या आसपास आवृत्त्या निघाल्या.

घरांतील सामान किती व कसलें आणावयाचें, हें ठरविणें इंग्लंडांतही बहुधा गृहिणीच्याच हातीं होतें. त्यामुळें ज्यांना मत नव्हतें, त्यांच्या हातीं या चळवळीनें एक साधन दिलें. क्लार्कसन १७९१ व १७९२ सालीं देशभर फिरत असतां, साखर सोडलेलीं कुटुंबें त्याला जवळजवळ प्रत्येक गांवीं भेटलीं. अशा माणसांची संख्या तीन लाखांहून कमी नसावी, असा अंदाज त्यानें पुढें नमूद करून ठेवला आहे. त्यांत श्रीमंत होते तसे गरीब होते, आणि लहान मुलेंही होतीं. लंडनमधील चांभार व राजकीय कार्यकर्ता टॉमस हार्डी याची पत्नी लिडिया १७९२ च्या एप्रिलमध्यें चेशॅम गांवीं गेली होती. तेथून तिनें नवऱ्यास कळविलें कीं, येथें साखर घालून चहा पिणारांपेक्षां बिनसाखरेचा पिणारेच अधिक आहेत. याच हार्डी दांपत्याच्या घरीं ओलाउडा इक्वियानो हा एके काळचा गुलाम व आत्मचरित्रकार कांहीं काळ राहिला होता. म्हणजे ज्यांच्याकरितां हा त्याग चालला होता, त्यांतील एकाची प्रत्यक्ष ओळख या घरास होती. श्रॉपशायरमधील कॅथरीन प्लिम्ली हिच्या रोजनिशींत तिच्या लहानग्या पुतण्याची हकीकत आहे. त्यानें गोड पदार्थ तर सोडलेच, पण बुटांच्या काळ्या रंगांतही साखर असते असें समजल्यावर बूट रंगवून घेण्याचें नाकारलें. सफोकमधील हेव्हरहिल गांवचा क्वेकर व्यापारी जेम्स राइट यानें तर मार्च १७९२ मध्यें वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन आपल्या दुकानांतील साखरेची विक्रीच थांबविली. साखर न खाणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षां साखर न विकणाऱ्या दुकानदाराचा त्याग मोठा, कारण तो त्याच्या पोटावर येत होता.

अशा गोष्टीची टवाळी व्हावयाचीच. गिलरे या प्रसिद्ध व्यंग्यचित्रकारानें त्याच महिन्यांत एक चित्र काढलें. त्यांत राजा तिसरा जॉर्ज व राणी शार्लट बिनसाखरेचा चहा मिटक्या मारीत पीत आहेत, समोर राजकन्या तोंडें वाईट करून बसल्या आहेत, आणि राणी त्यांना गुलामांच्या श्रमाबरोबरच बापाच्या पैशांचीही आठवण देत आहे. भूतदयेच्या आड काटकसर लपलेली असते, हा त्यांतील टोमणा. मळेवाल्यांच्या बाजूनेंही पुस्तिकांचा मारा सुरू झाला. साखर हें पौष्टिक अन्न आहे, तें सोडल्यास गरिबांचेंच नुकसान, असा युक्तिवाद होऊं लागला. जमैकांत शस्त्रवैद्य म्हणून राहिलेल्या बेंजामिन मोझली यानें १७९९ सालीं साखरेवर एक ग्रंथच लिहून तिच्या आरोग्यदायक गुणांची तरफदारी केली. आज डॉक्टरांच्या तोंडून साखरेची निंदा ऐकणाऱ्या घरांना ही गोष्ट विस्मयकारक वाटेल. वैद्यकाचें मत व व्यापाराचें हित हीं एकाच दिशेनें बोलूं लागलीं, म्हणजे थोडें थांबून ऐकावें, एवढा बोध तींतून घेतां येतो. खुद्द विल्बरफोर्सलाही साखर सोडण्याचा मार्ग पसंत नव्हता. त्यानें मवाळ मंडळी बिथरतील, अशी त्याला भीति वाटे.

या त्यागाचा परिणाम काय झाला? १७९२ सालीं पार्लमेंटाकडे व्यापार बंद करण्याविषयीं ५१९ अर्ज आले, आणि एप्रिलमध्यें कॉमन्स सभेनें २३० विरुद्ध ८५ मतांनीं तो हळूहळू बंद करावा असें ठरविलें. एका वर्षांत ८८ चे २३० झाले. हें केवळ साखर सोडल्यामुळें घडलें असें म्हणणें इतिहासास धरून होणार नाहीं. अर्जांची चळवळ, पुरावे व भाषणें यांचाही त्यांत वांटा होता. तसेंच, ऑगस्ट १७९१ मध्यें फ्रेंचांच्या ताब्यांतील सेंट डोमिंग बेटांत गुलामांनीं मोठें बंड करून मळे जाळले. जगाच्या बाजारांतील साखर त्यामुळें कमी झाली व भाव चढले. तेव्हां कांहीं घरांनीं साखर सोडली ती तत्त्वासाठीं कीं महागाईसाठीं, हें सांगणें कठीण आहे. कॉमन्सचा ठराव लॉर्ड्स सभेनें लांबणीवर टाकला. १७९३ सालीं फ्रान्सशीं युद्ध सुरू झालें, सुधारणेचा प्रत्येक शब्द राजद्रोहासारखा वाटूं लागला, आणि साखरेची भांडीं पुन्हां भरलीं. गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा होण्यास १८०७ साल उजाडावें लागलें.

तरीही नेम अगदींच वायां गेला नाहीं. १८०७ च्या कायद्यानें व्यापार थांबला. परंतु जे गुलाम मळ्यांवर होते, ते तसेच राहिले. १८२४ सालीं लेस्टर येथील एलिझाबेथ हेरिक या क्वेकर बाईनें एक पुस्तिका लिहून, गुलामगिरी हळूहळू नव्हे तर ताबडतोब नष्ट केली पाहिजे, अशी मागणी केली, आणि त्यासाठीं वेस्ट इंडीजची साखर पुन्हां सोडावयास सांगितलें. तिनें व तिच्या मैत्रिणींनीं लेस्टरमध्यें दारोदार जाऊन हा प्रचार केला. १८२५ सालीं बर्मिंगहॅम येथें स्त्रियांचें मंडळ निघालें. त्यांतील सोफिया स्टर्ज हिनें एकटीनें सुमारें तीन हजार घरांच्या पायऱ्या झिजविल्या, असें सांगतात. १८३० सालीं या मंडळानें पुरुषांच्या मध्यवर्ती संस्थेस स्पष्ट बजावलें कीं, नांवांतील ‘हळूहळू’ हा शब्द काढल्याशिवाय पन्नास पौंडांची देणगी मिळणार नाहीं. तो शब्द निघाला. चहाच्या टेबलावर सुरू झालेली शिस्त अशा तऱ्हेनें सार्वजनिक कामांत उतरली. साखर सोडण्यानें मळेवाल्यांचें दिवाळें निघालें नाहीं. पण ज्यांना कोणी विचारीत नव्हतें, अशा हजारों स्त्रियांना आपलें मत बनविण्याची, तें दुसऱ्याच्या दारीं जाऊन मांडण्याची व त्यापायीं रोज थोडी गैरसोय सोसण्याची संवय लागली.

या कथेंत हिंदुस्थानचा प्रवेश येथें होतो. साखर अजिबात सोडणें ज्यांना जड जाई, त्यांच्यासाठीं एक सोपा मार्ग निघाला होता : वेस्ट इंडीजची साखर टाकून ईस्ट इंडीजची, म्हणजे मुख्यतः बंगालची, घ्यावी. त्या काळच्या चिनी मातीच्या साखरदाण्या आजही इंग्लंडांतील संग्रहालयांत आहेत. आंतील साखर गुलामांनीं केलेली नाहीं, असें त्यांवर सोनेरी अक्षरांत लिहिलेलें असे. सहा कुटुंबांनीं ही साखर वापरल्यास एक गुलाम कमी लागेल, असाही हिशेब कांहींवर दिलेला असे. ही साखर कांहींशी महाग पडे, कारण १८३६ पर्यंत तिच्यावर जकात अधिक होती. ती अधिक जकात उठावी म्हणून धडपडणाऱ्या व्यापाऱ्यांना ही दया सोयीचीही होती. पण बंगालच्या शेतांतील मजुराची स्थिति काय, हा प्रश्न साखरदाणीवर लिहिलेला नव्हता. कंपनीच्या मुलुखांतही गुलामगिरी होती. १८३३ च्या प्रसिद्ध कायद्यानें ब्रिटिश साम्राज्यांतील गुलामगिरी नष्ट केली, तेव्हां ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्यांतून वगळण्यांत आला. येथें तिची कायदेशीर मान्यता १८४३ सालीं काढून घेतली गेली.

१ ऑगस्ट १८३४ रोजीं तो कायदा अमलांत आला. सुमारें आठ लाख गुलामांच्या मालकांना दोन कोटि पौंड भरपाई मिळाली. गुलामांना एक पैही मिळाली नाहीं, उलट उमेदवारीच्या नांवाखालीं १८३८ पर्यंत मालकांकडेच राबावें लागलें. मुक्त झाल्यावर बहुतेकांना त्या मळ्यांचें तोंडही पाहावेंसें वाटेना. तेव्हां मळेवाल्यांनीं हिंदुस्थानाकडे दृष्टि वळविली. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं ‘ॲटलस’ हें जहाज ३६ हिंदी मजूर घेऊन मॉरिशसला पोहोंचलें. त्यानंतर १९२० पर्यंत त्या बेटावर साडेचार लाखांहून अधिक हिंदी लोक करारानें नेण्यांत आले. जेथें ते उतरत, तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ सालीं जागतिक वारसास्थळ ठरला आहे. बहुतेक मजूर कलकत्ता व मद्रास येथून गेले. परंतु मुंबई बंदरांतून कोंकणांतील व देशावरील मराठी माणसेंही गेलीं. करार पांच वर्षांचा, पगार आरंभीं महिना पांच रुपये, आणि एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची रीत. हे लोक गुलाम नव्हते. त्यांना विकतां येत नसे, व कराराची मुदत संपत असे. पण मुदतीच्या आंत मळा सोडला, तर तुरुंग ठरलेला होता. त्यांचे मराठी वंशज अद्यापि मॉरिशसमध्यें आहेत, आणि गणेशचतुर्थी हा तेथें सार्वजनिक सुटीचा दिवस आहे.

या मजुरांनीं पिकविलेली साखर पुढें हिंदुस्थानांतच येऊं लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॉरिशसच्या साखरेचें तें मोठें गिऱ्हाईक होतें. मराठींत त्या बेटाचें नांव मोरस, म्हणून ती मोरस साखर. पुण्यामुंबईच्या घरांत पांढरी स्वच्छ मोरस साखर पाहुण्यांसाठीं जपून ठेवीत, आणि ती रत्नागिरीकडच्या एखाद्या हरवलेल्या माणसाच्या हातची असूं शकेल, हें कोणाच्या मनांत येत नसे. १९०५ नंतरच्या स्वदेशीच्या चळवळींत परदेशी साखरेवर बहिष्कार पडला, आणि कित्येक घरांनीं गूळ जवळ केला. परंतु तेथें भर होता तो देशी धंद्याच्या रक्षणावर, आणि साखर शुद्ध करण्यास हाडांचा कोळसा वापरतात, या सोंवळेपणाच्या आक्षेपावर. मळ्यावरचा मजूर त्यांत अग्रभागीं नव्हता. त्याची बाजू गोपाळ कृष्ण गोखले यांनीं घेतली. १९१० सालीं त्यांनीं वरिष्ठ कायदे कौन्सिलांत नाताळला जाणाऱ्या करारबद्ध मजुरांची भरती थांबविण्याचा ठराव आणला, व तो मान्य झाला. ४ मार्च १९१२ रोजीं त्यांनीं ही पद्धतच सर्वत्र बंद करावी असा ठराव मांडला. तो नामंजूर झाला. १७९१ च्या विल्बरफोर्सप्रमाणें त्यांच्याही पदरीं प्रथम पराभवच आला, आणि त्याचें फळ पाहण्यास ते राहिले नाहींत. १९१५ सालीं त्यांचा अंत झाला. १९१७ सालीं नवी भरती थांबली, व १९२० च्या आरंभीं उरलेले करार रद्द करण्यांत आले.

या इतिहासाकडे एकत्र पाहिलें, म्हणजे साखर सोडणाऱ्या त्या इंग्रज कुटुंबांचें श्रेय व त्यांची चूक हीं दोन्ही दिसूं लागतात. आपल्या ताटांतील पदार्थाचा जाब आपणांसच द्यावा लागतो, हें त्यांनीं ओळखलें. हें त्यांचें श्रेय. एका बेटाचें नांव टाकून दुसऱ्या देशाचें नांव घेतलें कीं हात स्वच्छ झाले, असें मानलें; ही त्यांची चूक. ज्यांनीं साखर सोडतांना ती कोण करितो हा प्रश्न धरून ठेवला, त्या हेरिकसारख्या स्त्रियांच्या नेमास फळ आलें. ज्यांनीं केवळ साखरदाणी बदलली, त्यांचा प्रश्न मॉरिशसच्या मळ्यांत पुन्हां उभा राहिला.

मोरस साखरेचे दिवस गेले. आतां महाराष्ट्र हा हिंदुस्थानांतील साखर करणाऱ्या प्रमुख प्रांतांपैकीं एक आहे. दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास बीड व आसपासच्या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेऊन, मुलाबाळांसह कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीस तेथें एक कोयता म्हणतात, आणि कामावर खाडा झाला तर त्याचा दंड उचलींत चढतो. प्रकृतीसाठीं चहांतील एक चमचा साखर कमी करणें हें उचितच आहे. पण जो चमचा भरावयाचा राहतो, त्याचाही हिशेब कोठें तरी लिहिला जात असतो; आणि त्या हिशेबाची विचारपूस करण्यास मताचा अधिकार नसलेल्या बायकांनीं दोन शतकांपूर्वीं प्रारंभ केला होता. ज्यांना आज तो अधिकार आहे, त्यांना तें काम अधिक सोपें असावयास पाहिजे.